तासगावच्या आत्याला, मिशन भागातल्या कलावंतांबद्दल

सॅन फ्रान्सिस्को
१६ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार.

मी पाठवलेला फोटो पाहून तू फोनवर विचारलंस, "झगा घातलेला तो गडी कोण, तू त्या लोकांत काय करतेस, आणि यांच्या नाचण्याने बदलतं काय?" तेवढ्यात तुमच्याकडची लाईट गेली आणि बोलणं तुटलं. पण हे फोनवर उरकण्यासारखं नव्हतंच. तू सेवा दलाच्या कलापथकात वाढलेली. ट्रॉलीवर उभं राहून हुंड्यावरचे, पाणवठ्यावरचे वग तू केलेस, लोकांच्या शिव्या खाल्ल्यास आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावात पुन्हा उभी राहिलीस. आपल्या घरात हे कुणाला समजेल तर तुला, म्हणून सविस्तर लिहिते.

तो गडी मिनेसोटाकडचा, ओजिब्वे या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांतला. त्याचं नाव लिहीत नाही, कारण पत्रात लिहू का असं त्याला विचारलेलं नाही. फोटो मात्र विचारूनच काढला. तिथे तसाच नियम आहे. त्याच्या अंगातला झगा खास नाचाचा. त्यावर पत्र्याचे छोटे शंकू ओळीने शिवलेले असतात, आणि पाऊल उचललं की पत्र्यावर पावसाची सर यावी तसा आवाज होतो. पूर्वी हे शंकू तपकिरीच्या डब्यांची झाकणं वळवून करत. १९१८ ची तापाची साथ आपल्याकडेही घरंच्या घरं रिकामी करून गेली, ती तुला पणजीच्या तोंडून माहीत आहे. त्याच साथीच्या सुमारास एका आजारी मुलीसाठी हा नाच पहिल्यांदा नाचला गेला, असं ओजिब्वे लोक सांगतात. आजाऱ्याला उतार पडावा म्हणून केलेला हा नाच, आणि एरवी तो बायकांचा.

तू फोटोत पाहिलास तो मेळा मात्र वेगळा आहे. मूळनिवासींच्या नाच-गाण्याच्या मेळ्याला इथे पाऊवाऊ म्हणतात. एका मोठ्या ढोलाभोवती सगळे कडं करून बसतात, एका हाताने मारल्यासारखा ठोका पडतो, आणि वरच्या पट्टीत गाणं सुरू होतं. बहुतेक ठिकाणी पुरुषांचे नाच पुरुषांनी करायचे, बायकांचे बायकांनी. इथल्या 'बे एरिया अमेरिकन इंडियन टू-स्पिरिट्स' या संस्थेने २०१२ पासून आपला स्वतःचा पाऊवाऊ भरवायला घेतला. तिथे कुणी कुठला नाच नाचावा याला आडकाठी नाही. बाई पुरुषांचा गवताच्या झालरींचा नाच नाचते, पुरुष झगा घालून नाचतो, आणि जे दोन्हींत बसत नाहीत तेही मंडलात असतात. टू-स्पिरिट, म्हणजे दोन आत्म्यांचे, हे नाव १९९० साली कॅनडातल्या विनिपेगला जमलेल्या अशाच मूळनिवासी लोकांनी स्वतःसाठी घेतलं. त्याआधी प्रत्येक टोळीत, प्रत्येक भाषेत त्यांना वेगळं नाव होतं, अजूनही आहे.

हे नवं खूळ आहे असं बाबा म्हणतील. त्यांना झुनी टोळीतल्या वेवाबद्दल सांग. जन्म पुरुषाच्या देहात, वागणं-नेसणं बाईचं, विणकाम आणि मातीची भांडी करण्यात हातखंडा, आणि धर्मविधीतही मान. १८८६ साली वेवा वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकेच्या अध्यक्षांना, क्लीव्हलंडना, भेटली होती. पुढे मिशनरी आले, सरकारी निवासी शाळा आल्या. मुलांचे केस कापले, भाषा तोडली, मुलग्यांनी काय घालायचं आणि मुलींनी काय घालायचं ते ठरवून दिलं. वेवासारख्यांची जागा त्यात पुसली गेली, आणि नातवंडांच्या काळात खुद्द टोळीतलेच लोक म्हणू लागले की आपल्यात असलं कधी नव्हतं.

मेळा भरतो ती जागा म्हणजे फोर्ट मेसन, खाडीकाठचा जुना लष्करी धक्का. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकवर जाणारे सैनिक इथूनच जहाजावर चढले. बाहेर आलं की समोर पाण्यात अल्काट्राझ बेट दिसतं. तिथला तुरुंग बंद पडल्यावर २० नोव्हेंबर १९६९ ला मूळनिवासी तरुणांनी ते बेट ताब्यात घेतलं आणि ११ जून १९७१ पर्यंत सोडलं नाही. इतके वेगवेगळ्या टोळ्यांचे लोक या शहरात आले कुठून, हा प्रश्न मलाही पडला होता. १९५० च्या दशकात सरकारने राखीव प्रदेशांतून माणसं उचलून शहरांत आणायची योजना केली. रेल्वेचं नाहीतर बसचं तिकीट हातात द्यायचं, नोकरीचं आश्वासन द्यायचं, आणि गाव सुटलं की टोळी आपोआप विरघळेल असा हिशोब. झालं उलटंच. लाकोटा, पायूट, नाव्हाहो सगळे ओकलंड-सॅन फ्रान्सिस्कोत एकमेकांना भेटले.

त्यांच्यातल्याच दोघांनी, लाकोटा बार्बरा कॅमेरॉन आणि उत्तर पायूट रँडी बर्न्स यांनी, १९७५ साली 'गे अमेरिकन इंडियन्स' ही संघटना काढली. त्या वेळी गोऱ्या समलिंगींच्या चळवळीत त्यांना मूळनिवासी म्हणून कुणी विचारत नव्हतं, आणि आपल्या लोकांत समलिंगी म्हणून कुणी जवळ करत नव्हतं. एड्स आला तेव्हा याच लोकांनी आपली आजारी माणसं सांभाळली. आज मेळ्यात झेंडे आणि गरुडाच्या पिसांची काठी घेऊन मंडलात शिरताना पुढे माजी सैनिक असतात, मागे सगळ्या वयाचे नाचणारे, आणि बघणारे आपोआप उठून उभे राहतात. मी काय करते विचारलंस ना? ज्येष्ठांच्या रांगेत पाणी देते, खुर्च्या सरकवते. गेल्या आठवड्यात एका सत्तरीच्या बाईंनी मला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाल्या, मी नाच सोडून चाळीस वर्षं झाली होती, कारण मला जो नाचायचा होता तो नाचू देत नव्हते. नंतर त्या उठल्या आणि ढोलाचं ते गाणं संपेपर्यंत नाचल्या. मला तेव्हा तुझी फार आठवण आली.

आता मिशनबद्दल. शहराचा हा भाग मेक्सिको, साल्व्हादोर, निकाराग्वा, ग्वाटेमालाकडून आलेल्या लोकांचा. आमचा दवाखाना इथेच, आणि मी औषधाच्या खिडकीवर बसते हे तुला माहीत आहे. तिथून जवळ, सोळाव्या रस्त्यावर, 'एस्ता नोचे' नावाचा बार होता. १९७९ साली उघडला, २०१४ साली बंद पडला. बार म्हटल्यावर नाक मुरडू नकोस. शेजारच्या कॅस्ट्रो भागात समलिंगींचे बार खूप होते, पण दारावर सावळ्या माणसाकडे एकाला दोन-तीन ओळखपत्रं मागायचे. घरी सांगायची सोय नाही, कॅस्ट्रोत शिरकाव नाही. मग हे लोक 'एस्ता नोचे'त यायचे आणि तिथे आई-आजी चुलीपुढे गुणगुणायच्या तीच रांचेरा गाणी चालायची. शेतमजुरांची, दारूची, सोडून गेलेल्या माणसाची गाणी. चमकीचे झगे घालून पुरुष ती गायचे, पारलिंगी बायका गायच्या.

तेरेसिता ला काम्पेसिना ही त्यातली एक. पारलिंगी बाई, आवाज असा की मारियाची वाजवणाऱ्या मेक्सिकन ताफ्याच्या कर्ण्यांवर चढायचा. आपल्याला एचआयव्ही आहे हे तिने लपवलं नाही. लोक रांचेरा ऐकायला यायचे आणि तिच्या तोंडून आजाराचं ऐकून जायचे. २००२ साली ती गेली. मिशनमधल्या जुन्या लोकांना विचारलं तर आधी तिच्या फटकळ जिभेबद्दल सांगतात आणि मग तिच्या गाण्याबद्दल बोलताना गप्प होतात.

एड्सच्या त्या वर्षांत माहितीची पत्रकं यायची ती बहुतेक इंग्रजीतून, गोऱ्या पुरुषांचे फोटो लावलेली. मिशनमधल्या कुणाला ती आपली वाटणार? १९९३ साली इथल्याच काही जणांनी 'प्रोयेक्तो कोन्त्रासिदा पोर विदा' नावाची संस्था सोळाव्या रस्त्यावर थाटली. रस्त्यावरून सरळ आत शिरता येईल अशी जागा. कुणाला शिकवायचं असेल तर त्याने वर्ग काढावा, आणि निरोधाची, तपासणीची गोष्ट त्या वर्गातच ओघाने व्हावी, अशी त्यांची रीत. कार्यक्रम करायचे ते सौंदर्यस्पर्धेसारखे, थाटामाटाचे. आदेला वास्केस तिथे काम करायच्या. क्यूबातून १९८० साली होडीने आलेल्या हजारो निर्वासितांमधल्या त्या, पुढे १९९२ च्या 'मिस गे लॅटिना'. त्या मुकुटाचा उपयोग त्यांनी काय केला बघ. शरीर विकून पोट भरणाऱ्या, कागदपत्रं नसलेल्या पारलिंगी मुलींना त्या हाताला धरून संस्थेत आणायच्या. बाईंचा शब्द मुली ऐकायच्या, कारण बाई मंचावर राणी होत्या. मी रोज औषधांच्या डब्या मोजून देते, त्यामुळे हे मला नीट दिसतं. गोळी चांगली निघाली तरी ती घ्यायला माणूस खिडकीपर्यंत यावा लागतो, आणि त्याला तिथवर आणणारं कुणीतरी असावं लागतं. आदेला २०२४ साली गेल्या.

हे सगळं त्या बारमध्येच कोंडून राहिलं नाही. चोविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर 'गालेरिया दे ला रासा' होती, १९७० पासूनची कलासंस्था. मिशनमध्ये दर नोव्हेंबरात मृतांच्या दिवसाची मिरवणूक निघते, ती परंपरा रुजवण्यात या संस्थेचा वाटा मोठा. २०१५ च्या जूनमध्ये तिच्या भिंतीवर 'पोर विदा' हे भित्तिचित्र लागलं. लॉस एंजेलिसच्या एका समलिंगी चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन, चित्रकाराचं. त्यात दोन पुरुष जवळ आलेले, दोन बायका जवळ आलेल्या, आणि एक पारलिंगी पुरुष छातीवरचे शस्त्रक्रियेचे व्रण दाखवत उभा. सगळे इथल्याच गल्ल्यांतल्या पोरांच्या पेहरावात. नेमकं तेच झोंबलं. आधी रंग फासला, संस्थेने चित्र पुन्हा लावलं, पुन्हा फासला, आणि शेवटी जूनच्या अखेरीस रात्री आग लावली. इमारतीत माणसं राहत होती. दुसऱ्या दिवसापासून शेजारीपाजारी तिथे मेणबत्त्या घेऊन जमले, त्यांत पोरं-लेकरं, म्हाताऱ्या बायका होत्या. संस्थेने माघार घेतली नाही. तिला त्या कोपऱ्यावरून हलवलं ते २०१८ साली, भाडं दुप्पट करून. आग पचवता येते, भाडं पचवता येत नाही, असं इथे लोक फार कडवटपणे बोलतात, आणि मलाही ते रोज आजूबाजूला दिसतं. मुलाबाळांची घरं रिकामी होतात आणि दारावर नव्या पाट्या लागतात.

द्राक्षांचं मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण ते तुझ्या जवळचं. इथून आत, मधल्या खोऱ्यात, मैलोन्‌मैल द्राक्षांच्या बागा आहेत. १९६५ साली डेलानोला द्राक्षमजुरांनी संप केला, आधी फिलिपिनो मजूर उठले, मग सेसार चावेस यांचे मेक्सिकन मजूर. पाच वर्षं चालला. त्यात लुईस वाल्देस यांचं 'तेआत्रो काम्पेसिनो' हे नाटकपथक ट्रकच्या फळीवर उभं राहून मजुरांकडूनच मजुरांची सोंगं करून घ्यायचं. गळ्यात पाटी: हा मालक, हा संपफोड्या. तुमच्या ट्रॉलीवरच्या वगात सावकार असायचा, तसाच. पुढे मॅकफार्लंड गावात लहान पोरांना कर्करोग होऊ लागला, लोक फवारणीकडे बोट दाखवू लागले, आणि १९८८ साली चावेस यांनी ३६ दिवस उपास केला. चेरी मोरागा ही लेखिका, बाईवर प्रेम करणारी बाई आहोत हे पहिल्यापासून उघड सांगणारी, तिने यावर 'हीरोज अँड सेंट्स' हे नाटक लिहिलं. १९९२ साली ते इथे मिशनमध्येच झालं. नायिका आहे ती धडाविना जन्मलेली मुलगी, नुसतं मस्तक. आणि गावातली पोरं रात्री मेलेल्या लेकरांचे देह क्रूसावर लावून द्राक्षबागेत उभे करतात, जगाने बघावं म्हणून. वाचताना मला आपली बाग दिसत होती. औषध मारायच्या दिवशी तू आम्हाला बांधावरूनच परत पाठवायचीस, कितीही रडलो तरी. मजुरांची पोरं मात्र बागेतच असायची, हे मला आत्ता आत्ता आठवायला लागलंय.

आता ज्यांच्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं त्यांच्याबद्दल. माझ्या शेजारच्या खिडकीवर बसते ती बाई मेक्सिकोतल्या वाहाकाची, तेहुआंतेपेकच्या बाजूची, झापोतेक. त्यांच्याकडे मुशे लोक आहेत. जन्म पुरुषाच्या देहात, पण पुरुषांतही धरत नाहीत आणि बायकांतही नाही. भरतकाम करतात, सणाची सजावट करतात, आणि म्हाताऱ्या आईबापांजवळ शेवटपर्यंत राहणारे बहुधा तेच. बाहेरचे लोक येऊन लिहितात की तिथे सगळं कसं सुखाचं आहे. ती म्हणते, लिहिणाऱ्याने तिथे राहून बघावं. हुचितानचा मुशे लोकांचा मोठा उत्सव उभा करणाऱ्यांतले ऑस्कर कासोर्ला यांचा २०१९ च्या फेब्रुवारीत खून झाला.

लुकास आवेन्दान्यो तेहुआंतेपेकचे मुशे. मानववंशशास्त्र शिकलेले, नाचणारे. आपल्या गावच्या बायकांचा फुलांनी भरलेला पोशाख घालून ते मंचावर येतात आणि गावचे विधी, लग्नं, दुखवटे नाचातून मांडतात. १० मे २०१८ ला त्यांचा धाकटा भाऊ ब्रुनो बेपत्ता झाला. नौदलात होता, रजेवर घरी आलेला. मेक्सिकोत १० मे हा आईचा दिवस असतो. त्या देशात बेपत्ता माणसांची सरकारी नोंद लाखाच्या पुढे गेली आहे, आणि आया फावडी घेऊन माळरानावर आपली लेकरं शोधत फिरतात.

त्या जूनमध्ये लुकास कामासाठी बार्सेलोनात होते. त्यांनी मेक्सिकोच्या वाणिज्य दूतावासासमोर खुर्ची टाकली. तेहुआंतेपेकचा घागरा नेसून बसले, हातात ब्रुनोचा फोटो, शेजारी दुसरी खुर्ची रिकामी. बसण्याची ढब मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोच्या १९३९ च्या जोडचित्रासारखी, हातात हात धरलेल्या दोघींची. येणारा-जाणारा कुणीही त्या रिकाम्या खुर्चीवर बसायचा, लुकास त्याचा हात धरायचे. बोलणं नाही. एक उठला की दुसरा. पुढे हे त्यांनी इतर शहरांतही केलं. मी नुसतं पडद्यावर पाहिलं आणि जेवायच्या सुट्टीत आम्ही दोघी रडलो. ते नाच बसवणारे आहेत, अंग कसं हलवायचं हे त्यांना माहीत आहे, आणि त्यांनी बसून राहायचं ठरवलं. सरकारने कागद हलवावेत म्हणून. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रुनोचे अवशेष सापडले. घरच्यांना निदान माती देता आली.

तू विचारलं होतंस, यांच्या नाचण्याने बदलतं काय. एक भाऊ सापडला, आत्या. काही मुली तपासणीला आल्या. सत्तरीची एक बाई तिला हवा तो नाच नाचली. मला एवढं पुरेसं मोठं वाटतं, आणि तुमच्या वगानंतर एखाद्या गावात एका घराने पाणवठा खुला केला की तूही चार दिवस त्याच आनंदात असायचीस, ते मी पाहिलेलं आहे.

आता तुझ्याकडे एक काम आहे. तुझी ती काळ्या पुठ्ठ्याची वही माळ्यावरच्या ट्रंकेत असेल. मंगळवारी-शुक्रवारी यल्लम्माचे जोगती यायचे, लुगडं नेसलेले, डोक्यावर देवीचा जग, कपाळभर भंडारा. तू त्यांना ओसरीवर बसवून चौंडक्यावरच्या चाली उतरवून घ्यायचीस आणि त्यांवर कलापथकाची गाणी बांधायचीस. तुमची दारूबंदीची सगळ्यात गाजलेली चाल त्यांच्यातल्या एका उंच, घाऱ्या डोळ्यांच्या जोगत्याची होती, हे तूच सांगितलेलं आहेस. त्या पानावर त्यांचं नाव आहे का बघ. गाण्याखाली कवीचं नाव तू नेहमी लिहायचीस. चाल देणाऱ्याचं लिहिलं असेल तर त्या पानाचा फोटो पाठव. नसेल तर कलापथकातल्या तुझ्या मैत्रिणींना फोन कर, त्यांच्यातल्या कुणालातरी आठवत असेल. आणि ते अजून असतील तर कुठे असतात, कसे असतात, तेही विचार. डिसेंबरात येईन तेव्हा मला त्यांना भेटायचं आहे.

बाबांना पत्र वाचून दाखव. मधेच उठून जातील, तरी लुकासचा भाग तेवढा ऐकव. बीपीची गोळी सकाळचीच घे, रात्रीवर ढकलू नकोस. बेदाणे मिळाले, अर्धे दवाखान्यात वाटले, सगळ्यांना आवडले.

तुझी,
मनू